सहा वाव नि हातभर

आमच्या सर्वेक्षणाच्या सामानाच्या यादीत सतराव्या क्रमांकावर ‘तवा (बिडाचा, मोठा)’ असं लिहिलेलं आहे. बिलं तपासणाऱ्या क्लार्कने त्याभोवती लाल पेनाने गोल करून प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. समुद्राच्या अभ्यासाला तवा किती लागतो हे यादी करणाऱ्या मलाही ऑक्टोबर उलटेपर्यंत नीट कळलं नव्हतं.

मी मूळची घाटावरची, सांगलीकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. पुढे किनाऱ्यांचा अभ्यास हेच काम झालं आणि मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली-देवबागची जी वाळूची लांब पट्टी आहे, तिथे मोजमापाला जायला लागले. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे नारळ, सुरू, घरं, विहिरी. काही ठिकाणी तर एका दारातून समुद्र दिसतो आणि मागच्या दारातून नदी. अशा जागी ‘किनारा खचतोय का?’ हा प्रश्न कुणी अभ्यासासाठी विचारत नाही. घराचा जोता किती वर्षं राहील, असा तो प्रश्न असतो.

किनारा मागे गेला की पुढे आला हे उपग्रहाच्या चित्रांवरून सांगता येतं. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातली चित्रं तपासून भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी 33.6 टक्के किनारा झिजतोय असं सांगितलंय, ते याच पद्धतीने. काम मोठं आहे, गरजेचंही आहे. पण चित्रात दिसते ती एक रेघ. आमच्याकडे मे महिन्यात ती रेघ इतकी लांब असते की अनवाणी चालत गेलं तर पाय भाजतात, आणि ऑगस्टमध्ये लाटा सुरूच्या उघड्या पडलेल्या मुळांवर आपटत असतात. मग वाळू गेली म्हणायची का? गेली तर कुठे? त्याचं उत्तर रेघेत नसतं. ते पाण्याखाली पडलेलं असतं, आणि तिथला तळ मोजल्याशिवाय किनाऱ्याची वही अर्धीच भरते.

या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्याच दिवशी मिळालं होतं, फक्त ते मोजलेलं नव्हतं. ज्यांची फायबरची होडी आम्ही भाड्याने घेतो ते तांडेलकाका पूर्वी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर होते. रापण ओढायची तर तळ कुठे सपाट, कुठे खळगा, कुठे वाळूची पाठ वर आलेली हे पायांना माहीत असावं लागतं. ते म्हणाले, “पावसात दर्यो रेती वडून न्हेता, पण लांब न्हेणा नाय. थंयसर ठेवता. मगे दिवाळीपासून परत आणून घालता.” पुस्तकात हेच चार पानांत आहे: पावसाळ्याच्या उंच लाटा पुळणीची, म्हणजे काठावरच्या वाळूच्या पट्ट्याची, वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात तिचा बांध घालतात आणि हिवाळ्याच्या लांब, मऊ लाटा तीच वाळू हळूहळू परत किनाऱ्यावर चढवतात. आमचं काम एवढंच, की ‘थंयसर’ म्हणजे किती मीटरवर आणि ‘रेती’ म्हणजे किती घनमीटर.

पद्धत सांगायची तर सुरुवात दोन काठ्यांपासून होते. एमरी नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1961 मध्ये ही युक्ती मांडली. सारख्या उंचीच्या दोन काठ्या ठरावीक अंतरावर उभ्या धरायच्या, मागच्या काठीपाशी उभं राहून पुढची काठी आणि क्षितिज एका रेषेत पाहायचं, आणि मधला उतार काठीवर वाचायचा. समुद्रावर क्षितिज फुकट मिळतं, हा त्यातला सगळा हुशारीचा भाग. आता आमच्याकडे सेंटिमीटरपर्यंत उंची देणारं आरटीके जीपीएस आहे, तरी आमच्या सरांनी पहिला आठवडा काठ्यांवरच काढायला लावला. तेव्हा राग आला होता.

आम्ही किनाऱ्याला काटकोनात बारा ओळी ठरवल्या. प्रत्येक ओळीला जमिनीवर एक पक्की खूण: कुठे विहिरीच्या कठड्यावर छिन्नीने काढलेलं फुलीचं चिन्ह, कुठे देवळाच्या पायरीत बसवलेला पितळी बोल्ट. तिथून ओळ निघते, पुळण ओलांडते, लाटांत शिरते आणि पाण्याखालून सव्वा किलोमीटर आत, साधारण 11 मीटर खोलीपर्यंत जाते. एवढ्या आत जायचं कारण असं की वर्षभराच्या लाटा तळाला हलवतात ते एका खोलीपर्यंतच. त्यापलीकडे तळ जवळजवळ जागचा हलत नाही. ढोबळ हिशेब म्हणजे वर्षातून जेमतेम 12 तास ओलांडली जाते ती लाटेची उंची घ्यायची आणि तिच्या दीडपट ते दुप्पट खोली धरायची. आमच्याकडे हे आठ-नऊ मीटरवर येतं. पावसाळ्याआधीचा मेचा आणि नंतरचा ऑक्टोबरचा आलेख या खोलीपलीकडे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

जगात हे काम फार थाटात चालतं. नेदरलँड्समध्ये 1965 पासून दरवर्षी अख्ख्या किनाऱ्याच्या अशा ओळी मोजतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डक गावी तर साधारण दहा मीटर उंच, तीन पायांची चाकाची गाडी बनवली होती. ती सरळ लाटांत चालत जायची आणि चालवणारा वर कोरडा बसायचा. आमच्याकडे तांडेलकाकांची होडी, दोन झेंड्यांच्या काठ्या आणि लाइफ जॅकेटवर बांधलेली कमरेची दोरी.

खरी अडचण ही की होडी काठापर्यंत येऊ शकत नाही आणि माणूस खोलात जाऊ शकत नाही. मधला पट्टा, जिथे लाटा फुटतात, तिथेच सगळी गंमत असते आणि तोच सुटतो. त्यावर उपाय भरती-ओहोटीचा. उधाणाच्या ओहोटीला मी जिथवर छातीभर पाण्यात काठी घेऊन जाते, तिथेच भरतीला पुरुषभराहून जास्त पाणी चढतं आणि होडी आरामात वरून जाते. दोन्ही मापं एकमेकांवर पन्नास-साठ मीटर चढली की ओळ सलग होते. म्हणून दिवस पंचांग बघून ठरतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावर शाळेत न जाताही माहीत असतं: चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. प्रतिपदेला पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसहाला. आम्हाला पुनवेनंतरचे किंवा अवसेनंतरचे दोन-तीन दिवसच उपयोगाचे. त्यातही अकरा-साडेअकराला खारा वारा उठला की पाण्यावर बारीक लाटा येतात आणि होडी नाचायला लागते. म्हणजे होडीला मिळतात पहाटेच्या मतलईनंतरचे (मतलई म्हणजे जमिनीवरून येणारा वारा), भरती चढत असतानाचे जेमतेम दोन तास. बारा ओळींना तीन दिवस. एक दिवस वारा लवकर उठला की पुढचा पंधरवडा.

पाण्यात काठी घेऊन चालणं हे दिसतं तितकं सोपं नाही. काठीच्या टोकाला बशीएवढी चकती असते, नाहीतर ती वाळूत रुतते आणि खोली पाच सेंटिमीटर जास्त येते. लाट आली की काठी उभी धरायची, पाय वाळूत रोवायचे, लाट जाऊ द्यायची, काठीवरच्या पातळीचा बुडबुडा मधोमध आला की जीपीएसचं बटण दाबायचं. तेवढ्यात पायाखालची वाळू निघून जाते आणि आपणच दोन इंच खाली जातो. मे महिन्यात वर पर्यटक. एकाने मला गळ्याएवढ्या पाण्यात थांबवून विचारलं, “मॅडम, सोनं पडलंय का?” दुसऱ्याला पॅरासेलिंगचं बुकिंग माझ्याकडे करायचं होतं.

होडीवरचं काम त्या मानाने बसून असतं. बाजूला लोखंडी पाइपला बांधलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, पाण्याखाली 40 सेंमी, त्याच पाइपच्या डोक्यावर जीपीएस. किनाऱ्यावर एकामागे एक रोवलेले दोन झेंडे एका रेषेत दिसत राहिले की होडी ओळीवर आहे. तांडेलकाका झेंड्यांकडे बघत सुकाणू धरतात, मी पडद्याकडे. एको साउंडर तळाकडे आवाज सोडतो, तो परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि त्यावरून खोली सांगतो. म्हणजे तो खोली मोजतच नाही. तो वेळ मोजतो, आणि आवाजाचा वेग आपण सांगू तो खरा मानून गुणाकार करतो.

इथे तवा येतो. पाण्यातला आवाजाचा वेग तापमानावर आणि खारटपणावर ठरतो. आपल्या कोमट, खाऱ्या समुद्रात तो सेकंदाला 1540 मीटरच्या आसपास असतो. तो तपासायला ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली, माहीत असलेल्या खोलीवर, काहीतरी सपाट आणि जड धरायचं आणि यंत्र तेवढीच खोली दाखवतं का ते पाहायचं. इंग्रजीत याला बार चेक म्हणतात, मोठ्या बोटींवर त्याची घडीव पट्टी असते. आमच्याकडे भंगारवाल्याकडून आणलेला हॉटेलातला तवा आहे, तीन भोकं पाडून साखळ्या लावलेला, साखळीवर दोन, चार आणि सहा मीटरला लाल रंग. मे महिन्यात तो सोडला, यंत्र जुळवलं, 1541 आलं, सगळं छान.

जून ते सप्टेंबर होडी काढायचा प्रश्नच नसतो. जुलैच्या शेवटी मी नुसतीच जाऊन आले. देवळाच्या पायरीवरून समुद्राकडे बघितलं तर किनाऱ्यापासून बऱ्याच आत लाटा एका सरळ रेषेत फुटत होत्या, मग शांत होऊन परत काठाशी फुटत होत्या. आतली ती पांढरी रेष म्हणजे तळावरचा बांधच. मोजता येत नव्हता, पण दिसत होता. पुळणीवर ओळ क्रमांक चारला आमची लोखंडी खूण दीड मीटर उघडी पडली होती.

ऑक्टोबरची फेरी घाईची झाली. पहिल्या दिवशी लाटांची जुनी लांब फुगी अजून बसली नव्हती. दुसऱ्या दिवशी एको साउंडरची बॅटरी बसली, ती बदलण्यात सकाळ गेली. होडी पाण्यात गेली तेव्हा सव्वादहा झाले होते. साखळ्यांचा गुंता झाला होता. मी म्हटलं, “तवा राहू दे काका, मे महिन्यात जुळवलंय, वारा उठायच्या आत ओळी घेऊ.” काकांनी माझ्याकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, आणि इंजिनाची दोरी ओढली.

त्यांची एक सवय आहे. ओळीच्या बाहेरच्या टोकाला वळण्यापूर्वी ते आपली दोरी सोडतात. खाली शिशाचा गोळा, त्याच्या बुडाला खळगा, खळग्यात कपडे धुवायचा साबण दाबलेला. शिसं तळाला टेकलं की साबणाला तळाची माती चिकटून येते. मेमध्ये त्यांनी ओळ चारच्या टोकाला ओरडून सांगितलं होतं, “सहा वाव नि हातभर. लिव.” वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांएवढं माप. मी वहीच्या समासात लिहिलं, कारण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये. ऑक्टोबरमध्ये त्याच टोकाला, साधारण तेवढ्याच भरतीला, पुन्हा “सहा वाव नि हातभर” आणि साबणाला तोच करडा चिखल. पडद्यावर 10.82 दिसत होतं. मेमध्ये 11.10 होतं. “तुझा मशीन काय म्हणता?” असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, तळ वर आलाय, वाळू साचलीय. ते काही बोलले नाहीत. दोरी गुंडाळत राहिले.

पुण्याला परतून आलेख एकावर एक टाकले आणि अक्षरशः नाचायची बाकी राहिले. पुळणीवरून दर मीटर लांबीमागे सुमारे 70 घनमीटर वाळू गेलेली, आणि समुद्रात तीन मीटर खोलीपासून थेट टोकापर्यंत तळ वर आलेला. पावसाळ्याने वाळू ओढून आत टाकली याचा इतका सुंदर पुरावा! मी रात्री अकराला सरांना आलेख पाठवला. सकाळी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: “अकरा मीटरवर 28 सेंमी वाळू कशाने गेली?”

मग बेरीज केली. ती आधी करायला हवी होती. समुद्रात वाढलेली वाळू दर मीटरमागे 200 घनमीटरच्या वर भरत होती. गेली 70, आली 200. वरची 130 घनमीटर वाळू आकाशातून पडली नव्हती. बरं, टोकाला साबणाला लागलेला तो चिखल. वाळू साचली असेल तर साबणाला वाळू का नाही?

तीन मीटरवर फरक 7 सेंमी, सहावर 15, नऊवर 22, अकरावर 28. आकडे एकाखाली एक लिहिले आणि पोटात गोळा आला. समुद्र इतका प्रमाणबद्ध वागत नाही. खुणेच्या उंचीची किंवा भरतीच्या हिशेबाची चूक असती तर सगळीकडे सारखाच फरक पडला असता, उथळातही आणि खोलातही. खोलीबरोबर वाढत जाणारा फरक म्हणजे आवाजाच्या वेगाची चूक. यंत्राची नोंद उघडली: वेग 1500. बॅटरी बदलताना यंत्र कारखान्यातून आलं तेव्हाच्या आकड्यावर परत गेलं होतं, आणि तवा खाली गेला असता तर पहिल्या दोन मीटरलाच कळलं असतं.

काकांच्या दोरीची एक वाव मी नंतर टेपने मोजली. त्यांचे दोन्ही हात पसरले की 1.78 मीटर होतात. सहा वाव म्हणजे 10.68, हातभर म्हणजे त्यांच्या कोपरापासून बोटापर्यंत 42 सेंमी. एकूण 11.10. दोरीवर दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होतातच, त्यामुळे शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं हा योगायोग. पण 28 सेंमी चुकायला दोरी फारच वाईट असावी लागते, आणि माझ्या वहीच्या समासात तीच दोन वाक्यं पाच महिन्यांच्या अंतराने उभी होती.

दुरुस्ती करता आली, हे नशीब. पडद्यावरच्या आकड्यातून आधी ट्रान्सड्यूसरची 40 सेंमी बुडी वजा करायची, कारण ती आवाजाने मोजलेली नसते. उरलेल्याला 1540 भागिले 1500 ने गुणायचं. मग 40 परत मिळवायचे. घाईत सगळ्यालाच गुणलं की पुन्हा सेंटिमीटरभराची नवी चूक. (मी पहिल्यांदा सगळ्यालाच गुणलं.) बारा ओळी दुरुस्त झाल्यावर नऊ मीटरच्या पलीकडे मे आणि ऑक्टोबरचे आलेख तीन-चार सेंटिमीटरच्या आत बसले. आणि तो चादरीसारखा पसरलेला खोटा थर नाहीसा झाल्यावर खाली काय होतं ते दिसलं: तीन ते चार मीटर खोलीवर, दीडशे मीटर रुंदीचा, सरासरी चाळीस सेंटिमीटर उंचीचा बांध. जुलैत पायरीवरून दिसलेली पांढरी रेष. त्यात दर मीटरमागे 58 घनमीटर वाळू.

70 आणि 58 मधल्या 12 घनमीटरचं काय, असं एका सादरीकरणात कुणीतरी विचारलं. तळ मोजताना पाच सेंटिमीटरची चूक आठशे मीटर लांबीवर पसरली की 40 घनमीटर होतात. बारा म्हणजे त्याच्या पुढे चिमूट. हे सांगितल्यावर समोरची मंडळी जरा निराश झाली. तळाचा आलेख दोन दशांशांपर्यंत छापला की लोकांना तो खरा वाटतो. मलाही वाटला होता.

काकांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, मला ते अपेक्षित होतं. त्यांनी विचारलं, “मगे रेती खंय आसा?” मी म्हटलं, तुम्ही म्हणालात तिथेच, किनाऱ्यापासून पावणेदोनशे ते सव्वातीनशे मीटर, तीन-चार मीटर पाण्यात. “दोन वाव,” ते म्हणाले.

फेब्रुवारीत परत गेलो. पुनवेनंतरची द्वितीया, समुद्र तेलासारखा. तवा सोडला तेव्हा पाणी इतकं निवळ होतं की चार मीटरवरची साखळीची लाल खूण वरून दिसत होती. दोन, चार, सहा. तिन्हीकडे यंत्र जुळलं. ओळ चारवर बांध साधारण शंभर मीटर किनाऱ्याकडे सरकला होता आणि निम्म्याने उतरला होता. उरलेला भाग पुळणीवर चढलेला, आमची लोखंडी खूण पुन्हा गुडघाभर वाळूत. ओळ एकपासून आठपर्यंत हीच गोष्ट थोड्याफार फरकाने.

नऊपासून पुढे, नदीच्या मुखाकडे, हिशेब वेगळा आहे. तिथे गेलेली वाळू समोरच्या पाण्यात सापडत नाही, कारण कर्लीचं मुख तिला कडेने ओढून आतही घेतं आणि बाहेरही टाकतं. किनाऱ्याला काटकोनातली ओळ तिथे अपुरी पडते. म्हणून पुढच्या खेपेला ओळ अकरा आणि बारा मुखाच्या आत वळवायच्या आहेत. ओहोटीला तिथे ओढ जबर असते. तवा सरळ खाली राहणार नाही, साखळी तिरकी जाईल, असं काकांचं म्हणणं. त्यांनी घरामागे पडलेला जुन्या इंजिनाचा एक जड तुकडा बाजूला काढून ठेवलाय, तव्याच्या बुडाला बांधायला. यादीत तो कसा लिहायचा, हा प्रश्न आहे.